जुन्या जिप्सी-जीपची गंजलेली चॅसी: पॅच मारावा, रेल कापून बदलावी की नाद सोडावा?

जांभाचिरा

गाडी जिप्सी किंग, १९९९ ची, कार्ब्युरेटरवाली. मुक्काम राजापूर तालुका, समुद्रापासून फार लांब नाही. बॉडी बरी आहे. दुखणं चॅसीचं आहे, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याचं: दोन लांब रेल आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉसमेंबर.

- मागच्या डाव्या शॅकल हँगरच्या (पाटा, म्हणजे लीफ स्प्रिंग, चॅसीला जिथे टांगतात तो कंस) वर रेलच्या बाहेरच्या भिंतीला बोटभर लांब भोक.
- तिथेच खालच्या पट्टीतून स्क्रूड्रायव्हर आरपार जातो.
- उजवीकडे त्याच जागी पापुद्रे सुटतात, भोक नाही.
- मागचा क्रॉसमेंबर खालून खाल्लाय.
- इंजिन माउंट, स्टीअरिंग बॉक्सची जागा आणि पुढचे हँगर ठणठणीत दिसतात.

एक गॅरेजवाला म्हणतो, वरून पाच मिमीची प्लेट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा. दुसरा म्हणतो भंगारातून अख्खी चॅसी आणू. पुढचं पासिंग २०२९ ला आहे. जाणकारांनी सांगा, काय करावं? आणि केलंच तर ते टिकावं कसं?

खडखडाट

तिसरा पर्याय: गाडी उभी करून त्यावर कारली चढवा. मांडव तयारच आहे.

ठोकपीट

प्लेट किती मिमीची हा प्रश्न नंतरचा. पत्रा किती उरलाय ते आधी कळू दे. दिसतं त्या भोकाच्या चौपट भाग आतून गेलेला असतो, कारण जिप्सीची रेल बंद पेटीची आहे आणि ती आतून बाहेर गंजते.

पहिलं काम, धुणं. प्रेशरचं पाणी रेलच्या प्रत्येक भोकातून आत मारा. निचऱ्याचं पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबू नका. आपल्याकडची जांभ्याची लाल माती आत थर करून बसते, पावसाळा संपून महिने झाले तरी तिच्यात ओल राहते. ती निघाल्याशिवाय तपासणीला अर्थ नाही.

मग पाव किलोची हातोडी घ्या आणि दर दोन-तीन सेंटीमीटरवर ठोकत चला. चांगला पत्रा खणकन वाजतो, गेलेला बद्द बोलतो. बद्द बोललं तिथे खडूने गोल. खालची पट्टी, हँगरच्या आजूबाजूचा वीतभर भाग, बॉडी माउंटचे ब्रॅकेट आणि जिथे दोन पत्रे एकावर एक आहेत त्या सगळ्या जागा अशाच ठोकून बघा. दुहेरी पत्र्याच्या मधे गंज धरला की तो फुगून दोन्ही पत्रे फाकवतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असतं.

शेवटी अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज. फॅब्रिकेशनवाल्यांकडे किंवा टाक्या तपासणाऱ्यांकडे असतो. रंग काढून चकचकीत केलेल्या जागी ग्रीसचा ठिपका लावून रीडिंग घ्या. आधी चांगल्या जागी घ्या, ती तुमची मूळ जाडी. माझा हिशोब असा: मूळ जाडीतली पाव भागापर्यंत झिजली असेल तर साफ करून रंग, त्याहून जास्त गेली तर कापा आणि नवा पत्रा घाला. मधली पळवाट नाही.

पाना_नं_१३

ठोकपीट यांच्या यादीत एक भर. मोबाइलला लागणारा एंडोस्कोप कॅमेरा निचऱ्याच्या भोकातून आत सरकवा. वरच्या पट्टीची आतली बाजू दुसऱ्या कशानेच दिसत नाही.

डिझेलकाका

अहो, केवढा तो सोहळा. आमच्याकडच्या सीजे आणि एमएम ५४० (महिंद्राच्या जुन्या जीप) सगळ्या वरून सहा मिमी प्लेट, ३.१५ मिमीचा वेल्डिंग रॉड, वर काळा रंग, अशाच चालल्या. जाड प्लेट म्हणजे मजबूत. यात गेज कशाला पाहिजे?

मेटलर्जीवाली

डिझेलकाका, जाड प्लेटचा तोटाच तिथे आहे. चॅसी वाकावी, पिळावी अशीच बनवलेली असते. दोन-अडीच मिमीच्या रेलवर सहा मिमीचा तुकडा बसवला की तेवढा भाग वाकायचं बंद होतो आणि सगळं वाकणं प्लेट संपते त्या रेषेवर गोळा होतं. तिथेच वेल्डच्या उष्णतेने धातू बदललेला असतो. तडा प्लेटला जात नाही, तिच्या कडेच्या जुन्या पत्र्याला जातो. लोक म्हणतात "वेल्ड सुटला". वेल्ड जागेवर असतो, शेजारचं लोखंड फाटलेलं असतं.

दुसरं कारण, प्लेटखाली गंज तसाच राहतो. चारी बाजूंनी पूर्ण वेल्ड केलं तरी पेटीच्या आतून हवा आणि ओल मिळतच राहते, आणि खालच्या बाजूने वेल्ड अर्धवट सोडला असेल तर विचारायलाच नको. वरून कीर्तन, आतून तमाशा.

म्हणून नवा पत्रा जुन्याइतकाच, फार तर अर्धा मिमी जास्त. साधा माइल्ड स्टील हॉट रोल्ड पत्रा, आयएस २०६२ या भारतीय मानकाचा, पुरेसा आहे. गॅल्व्हनाइज्ड पत्रा वेल्डिंगसाठी घेऊ नका, जस्ताच्या धुराने ताप भरतो आणि वेल्डही पोकळ येतो.

डिझेलकाका

फाटलेलं लोखंड पाहिलंय, तेवढं कबूल. पण सीजेची रेल बरीचशी उघडी सी-चॅनेल आहे, जिप्सीसारखी पेटी नाही. तिला आतून हात पोचतो.

वेल्डर_मंग्या

हाच फरक आहे काका. सी-चॅनेलला पाठीमागून घासता येतं, रंगवता येतं. पेटीत ते होत नाही म्हणून कापून घालणं भाग आहे.

जांभाचिरा, तुमच्या डाव्या बाजूसाठी कापाकापी अशी:

१) आधी बांधून घ्या. गाडी सपाट फरशीवर, स्टँड रेलखाली चांगल्या भागात, हँगरखाली नाही. दोन्ही रेलमध्ये ४० बाय ४० बाय ५ मिमीचा अँगल आडवा टॅक करा (वेल्डच्या ठिपक्यांनी तात्पुरता धरा), एक तिरपा पण. हा अँगल शेवटपर्यंत काढायचा नाही.

२) मापं. दोन्ही बाजूंचे पुढचे पक्के हँगर आणि मागचे शॅकल हँगर यांच्या बोल्टच्या मध्यातून ओळंबा सोडा, फरशीवर खूण करा. चार खुणांचे दोन्ही कर्ण मोजा. तीन मिमीच्या आत फरक असेल तर चॅसी सरळ धरा. जास्त आला तर कापण्याआधी ओढून सरळ करायची, नंतर नाही. खुणा रंगाने पक्क्या करा, खडू पुसला जातो.

३) कापणं. एक मिमीची कटिंग व्हील. गंज संपून पूर्ण जाडी लागते तिथून अजून तीन-चार सेंटीमीटर पुढे कापा. रेलच्या आडवी सरळ उभी रेघ कधीही नको. तिरपा किंवा माशाच्या तोंडासारखा छेद द्या, म्हणजे सगळा जोर एका रेषेवर येत नाही. आतले कोपरे गोल, किमान दहा मिमी त्रिज्या.

४) नवा तुकडा बेंडिंग मशीनवर यू आकारात वाकवून आणा. चार पट्ट्या जोडून पेटी करू नका, चार कोपऱ्यांवर चार वेल्ड येतात. यू आणि वर एक झाकण. वेल्डची रेघ वाकाच्या कोपऱ्यावर येऊ देऊ नका, पंधरा-वीस मिमी आत भिंतीवर घ्या.

५) जोडावर दीड-दोन मिमी फट ठेवा आणि आतून पन्नास मिमी रुंदीची पातळ पट्टी आधाराला द्या, म्हणजे वेल्ड तळापर्यंत उतरतो. पट्टी आत पक्की ठेवायला जुन्या पत्र्यात आठ मिमीची भोकं पाडून ती वेल्डने भरा (प्लग वेल्ड).

६) आधी सगळीकडे नुसते टॅक. मग पुन्हा ओळंबा, पुन्हा कर्ण. बरोबर असेल तरच पुढे. एका वेळी २५-३० मिमी वेल्ड, मग समोरच्या बाजूला, मग तिरपं. हात लावता येईल इतकं गार झाल्यावर परत तिथे या. गार करायला पाणी ओतू नका, हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि तिथेच रेल वाकडी होते.

पाना_नं_१३

मिग (गॅसच्या आडोशाने सलग वायर सोडणारं वेल्डिंग) की आर्क (रॉडचं साधं वेल्डिंग)?

वेल्डर_मंग्या

दोन-तीन मिमीला मिग. ०.८ मिमीची ईआर ७० एस-६ वायर, आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचा ८०-२० मिक्स, मिनिटाला दहा-बारा लिटर. तीन मिमीला शंभर ते एकशेवीस अँपियरच्या आसपास, पण आधी त्याच पत्र्याच्या तुकड्यावर मारून, कापून आत किती उतरलं ते बघा. निव्वळ कार्बन डायऑक्साइडवरही होतं, फक्त छिटे जास्त. उघड्यावर काम असेल तर वाऱ्याने गॅस उडतो आणि वेल्डमध्ये जाळी पडते, आडोसा करा.

मिग नसेल तर २.५ मिमीचा ६०१३ (नेहमीचा साधा) रॉड, ७० ते ९० अँपियर. कोकणात उघड्या पुड्यातले रॉड ओल धरतात. ६०१३ तासभर शंभर अंशाला शेकून घ्या. ७०१८ वापरत असाल तर त्याला तीनशेच्या पुढचं ओव्हन लागतं, घरच्या भट्टीत ते जमत नाही.

गॅस वेल्डिंगने चॅसी करू नका. उष्णता इतकी पसरते की मापं राहत नाहीत.

ठोकपीट

सुरुवात करण्याआधीच्या चार गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत. बॅटरीची दोन्ही टोकं काढा, अल्टरनेटरचं कनेक्शनही. जिप्सीची पेट्रोल टाकी मागेच, तुमच्या दुखण्याच्या शेजारी असते. ती पूर्ण उतरवून दुसऱ्या खोलीत न्या. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, आत वाफ असते. रेलला लागून जाणाऱ्या ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या सोडवून बाजूला घ्या. आणि वेल्डिंगची अर्थ क्लिप वेल्डपासून वीतभर अंतरावर चकचकीत लोखंडाला लावा. ती चाकाला लावून रेलवर वेल्ड मारला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग टोचले जातात.

पेटीत पूर्वी कोणी ऑइल मारलं असेल तर ते आत पेटतं, बाहेरून दिसत नाही. शेजारी पाण्याचा पंप आणि पावडरचा अग्निशामक ठेवा, काम संपल्यावरही तासभर लक्ष ठेवा.

खडखडाट

म्हणजे कारल्याच्या मांडवाला पाण्याची सोय पण झाली.

फोर_बाय_फोर_कुडाळ

हँगरबद्दल दोन गोष्टी. नवा हँगर बसवताना दोन्ही बाजूंच्या बुशच्या (पाट्याच्या टोकाच्या रबरी नळीच्या) भोकांतून एकच सरळ गोल सळई आरपार घाला आणि तशीच ठेवून टॅक करा. टाकी उतरवलेलीच आहे, वाट मोकळी असते. डावा-उजवा हँगर एका रेषेत नसेल तर पाटे तिरपे बसतात, गाडी एका बाजूला ओढते आणि बुश महिन्यात जातात.

दुसरं, पेटीतून आरपार बोल्ट जातो तिथे आत स्लीव्ह हवीच. नळीचा तुकडा दोन्ही भिंतींना वेल्ड. नाहीतर नट आवळताना पेटी चेपते, नट सैल पडतो, पुन्हा आवळलं की पुन्हा चेपते.

डिझेलकाका

आता सीजेवाल्यांसाठी लिहितो, कारण धागा जुन्या गाड्यांचा आहे. तिथे क्रॉसमेंबर रिव्हेटने बसवलेले असतात. रिव्हेटच्या खाली गंज धरला की डोकं तसंच राहतं आणि दांडा बारीक होतो. हातोडीने बाजूने मारून बघा, रिव्हेट हलला की गेला. गरम रिव्हेट मारणारे आता सापडत नाहीत. त्याजागी बोल्ट: डोकं ग्राइंड करा, दांडा मधोमध ड्रिल करून पंचने काढा, भोक रीमरने साफ करून त्यात घट्ट बसेल असा ८.८ ग्रेडचा (उच्च ताणाचा) बोल्ट, बिनआट्यांचा भाग दोन्ही पत्र्यांतून जाईल एवढ्या लांबीचा. सैल भोकात बोल्ट टाकला तर महिन्याभरात भोक लांबट होतं.

रिव्हेट काढून त्याजागी क्रॉसमेंबर सगळीकडून वेल्ड करणारेही आहेत. करू नका. रेलच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवा वेल्ड आला की तिथून तडा जातो. हे आता मेटलर्जीवालीबाईंचंच वाक्य झालं.

मेटलर्जीवाली

काका, मनापासून नमस्कार. बिनआट्यांच्या भागाचा मुद्दा फार लोक विसरतात.

सावित्रीकाठ

स्टीअरिंग बॉक्सच्या जागेचं काय? जीपमध्ये तिथे गंज कमी पण तडे असतात.

डिझेलकाका

खरं आहे. तिथे रेल साफ करून केरोसीन लावा, पुसा, वर खडूची पूड. तड्यातून केरोसीन बाहेर येऊन रेघ दिसते. तडा सापडला तर दोन्ही टोकांना तीन मिमीचं भोक पाडा, मगच खाच करून वेल्ड. भोक नाही पाडलं तर तडा वेल्डच्या पुढे चालू राहतो.

आरटीओ_वारी

दुसऱ्या गॅरेजवाल्याच्या "भंगारातून अख्खी चॅसी" या सल्ल्याबद्दल. चॅसी नंबर रेलवर ठोकलेला असतो आणि आरसीवर तोच नंबर असतो. दुसऱ्या गाडीची चॅसी घातली की कागदोपत्री ती दुसरी गाडी. जुना नंबर कापून नव्या चॅसीवर चिकटवणं किंवा नवा ठोकणं हा सरळ गुन्हा, यात "सगळे करतात" हा युक्तिवाद चालत नाही. पासिंगच्या वेळी पेन्सिलने घासून चॅसी प्रिंट घेतात, वेल्डची कड दिसली की गाडी अडकली.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा रोख गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात बदल करण्यावर आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर जाणाऱ्या बदलांना मनाई केली. गंजलेला भाग त्याच आकारात, त्याच मापात दुरुस्त करणं हा तसा बदल नव्हे. तरीही कापण्याआधीचे, कापतानाचे आणि नंतरचे फोटो आणि बिल ठेवा.

नंबरची जागा सँडब्लास्ट करताना झाका. गंजाने नंबर पुसट झाला असेल तर स्वतः पंच घेऊन बसू नका, आरटीओची लेखी परवानगी काढा.

खडखडाट

भंगारवाल्याने मला "नंबर फ्री" म्हणून चॅसी विकायला काढली होती. आता कळलं फ्री कशापासून.

लीड्सकर

ब्रिटनमधली पद्धत सांगतो, कामाची आहे. इथल्या वार्षिक तपासणीत सस्पेन्शन, स्टीअरिंग, ब्रेक आणि सीटबेल्ट जिथे बसतात तिथून ३० सेंटीमीटरच्या आत भार पेलणाऱ्या भागाचा गंज फार वाढला असेल तर गाडी नापास. दुरुस्ती केलीच तर वेल्ड सलग हवा, ठिपके मारलेला पॅच चालत नाही. जांभाचिरा यांचं भोक हँगरला चिकटून आहे, इथे ती गाडी त्याच दिवशी रस्त्यावरून उतरली असती.

लँड रोव्हरवाले तर सरळ गॅल्व्हनाइज केलेली नवी चॅसी घेतात, ती बनवणारे स्वतंत्र कारखाने आहेत. भारतात दुरुस्त केलेली चॅसी गॅल्व्हनाइज करता येईल का?

मेटलर्जीवाली

येईल, पण जिप्सीसाठी मी सांगणार नाही. जस्ताची भट्टी ४५० अंशाच्या आसपास असते. बंद पेटीत हवा किंवा पाणी अडकलं तर भट्टीत स्फोट होतो, म्हणून प्रत्येक कप्प्याला खाली-वर मोठी भोकं पाडावी लागतात. पातळ पत्रा आणि नवे वेल्ड असतील तर साठवलेला ताण सुटून चॅसी पिळते, आणि ती नंतर सरळ करायची म्हणजे दुखणं वेगळंच. शिवाय आधी आम्लाच्या टाकीत बुडवतात. दुहेरी पत्र्याच्या फटीत आम्ल अडकलं तर ते पुढे कित्येक महिने बाहेर झिरपतं.

सुटे ब्रॅकेट आणि नवीन क्रॉसमेंबर मात्र जरूर करा. तीन ते सहा मिमी जाडीला सरासरी किमान ७० मायक्रॉन जस्त बसतं. ते रंगवायचे असतील तर आधी हलकं घासून घ्या, नाहीतर रंग सोलतो. पाटे आणि उच्च ताणाचे बोल्ट आम्लात घालू नका, हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात.

मिशिगनवासी

इथे अमेरिकेत मीठ समुद्राचं नाही, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं. परिणाम तोच. टोयोटाच्या टॅकोमा, टुंड्रा आणि सिकोयाच्या फ्रेम आतून गंजून भोकं पडली, दावा झाला आणि २०१६ मध्ये मोठी तडजोड झाली. त्यात फ्रेम बदलून देण्याचा निकष दहा मिमी किंवा मोठं भोक असा होता. थोडक्यात, कंपनीनेही भोक पडलेल्या रेलला पॅच लावत बसण्यापेक्षा फ्रेम बदलणं मान्य केलं. आपल्याकडे नंबरच्या भानगडीमुळे तो रस्ता बंद, म्हणून कापून घालणं हाच उपाय.

पाना_नं_१३

रंगाचं बोला आता. रेड ऑक्साइड आणि वर ब्लॅक जपान पुरे ना?

मेटलर्जीवाली

घराच्या गेटला पुरे. रेड ऑक्साइड ओल आत सोडतो, किनाऱ्यावर एक पावसाळा काढला तरी खूप.

क्रम असा ठेवा. गोडं पाणी, पुन्हा गोडं पाणी. खड्ड्यांत बसलेलं मीठ ब्लास्टिंगने जात नाही, उलट खोल दाबलं जातं, आणि नंतर तेच रंगाखाली ओल ओढून फोड आणतं. वाळल्यावर ब्लास्टिंग, कॉपर स्लॅग किंवा ग्रिटने, एसए २½ पर्यंत (म्हणजे जवळजवळ पूर्ण लखलखीत लोखंड). समुद्राची वाळू अजिबात नको, मीठ तिच्यातच आहे. ब्लास्टिंगनंतर चार तासांच्या आत प्राइमर. हवेत ८५ टक्क्यांवर दमटपणा असेल तर थांबा. म्हणून हे काम दसरा ते होळी.

प्राइमर दोन भागांचा इपॉक्सी, झिंक फॉस्फेटवाला. झिंक-रिच हवा असेल तर तो फक्त उघड्या चकचकीत लोखंडावर. गंजावर किंवा जुन्या रंगावर झिंक-रिच मारणं म्हणजे पैसे घालवणं, कारण जस्त लोखंडाला टेकलं तरच काम करतं. वेल्डच्या रेषा आणि कडा आधी ब्रशने, मग सगळं. दोन कोट इपॉक्सी, वर एक कोट पॉलियुरेथेन, कारण इपॉक्सी उन्हात खडूसारखा होतो. जिप्सीच्या चॅसीला बाहेरून एका कोटला साधारण अर्धा-पाऊण लिटर धरा. पॉलियुरेथेन फवारणार असाल तर साधा कापडी मास्क चालत नाही, त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसाला कायमचं लागतं. ब्रशने मारा.

ब्लास्टिंग परवडत नसेल तर कप ब्रश, फ्लॅप डिस्क आणि उरलेल्या पातळ डागांना फॉस्फोरिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर. तो पापुद्र्यांवर चालत नाही, फक्त पातळ थरावर. आणि इपॉक्सीआधी तो धुऊन, वाळवून टाका. आम्ल उरलं तर इपॉक्सी नीट सुकत नाही.

फोर_बाय_फोर_कुडाळ

आणि वरून सर्व्हिस सेंटरचं काळं अंडरबॉडी कोटिंग?

ठोकपीट

गंजलेल्या चॅसीवर ते मारणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. डांबराचा थर दोन वर्षांत कडक होतो, बारीक भेगा पडतात, त्यातून पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही. तपासणीला हातोडी मारली तर आवाजही येत नाही. नव्या, रंगवलेल्या चॅसीवर ठीक आहे, तेही दरवर्षी तपासून.

पेटीच्या आतल्या बाजूला कॅव्हिटी वॅक्स, लवचिक नळीच्या टोकाला सगळ्या दिशांनी फवारणारा नोझल. नळी शेवटपर्यंत आत घाला आणि फवारत हळूहळू बाहेर ओढा. दोन्ही रेल आणि क्रॉसमेंबर मिळून दोन-तीन लिटर लागतं. सगळं वेल्डिंग संपल्यावरच, आधी नाही. निचऱ्याची भोकं वॅक्सने बुजली तर तारेने मोकळी करा.

डिझेलकाका

जळकं ऑइल फुकट मिळतं आणि वर्षानुवर्षं मारतोय आम्ही.

ठोकपीट

काका, तेवढं एक सोडा. जळक्या ऑइलमध्ये आम्ल आणि काजळी असते, रबरी बुश आणि बॉडी माउंट फुगतात, धूळ चिकटते, पावसात धुऊन विहिरीत जातं. लॅनोलिन किंवा वॅक्स घ्या.

डिझेलकाका

विहिरीचा मुद्दा मान्य. बुशचा नाही.

सावित्रीकाठ

जहाजाला लावतात तसे जस्ताचे गोळे चॅसीला लावले तर? शिवाय बॅटरीवर चालणारं गंजरोधक यंत्र ऑनलाइन मिळतंय.

मेटलर्जीवाली

जहाज पाण्यात बुडालेलं असतं. जस्ताकडून लोखंडाकडे करंट जायला मधे सलग पाणी लागतं. हवेतल्या गाडीवर जस्ताचा गोळा फक्त स्वतःच्या आजूबाजूचा ओला चट्टा वाचवतो. त्या यंत्राचंही तेच, पैसे वाचवा.

लहान हँगर, ब्रॅकेट साफ करायला मात्र घरची वीज कामी येते. प्लास्टिकच्या पिंपात चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरचं निगेटिव्ह गंजलेल्या भागाला, पॉझिटिव्ह साध्या लोखंडी पत्र्याला. स्टेनलेसचा पत्रा नको, विषारी क्रोमियम सुटतं. मीठही नको, क्लोरीन वायू निघतो. काम उघड्यावर, कारण हायड्रोजन निघतो.

जांभाचिरा

सगळ्यांचे आभार. गेज मिळाला. मधल्या चांगल्या भागात २.३ मिमी. डाव्या हँगरभोवती १.१ ते ०.८, भोकाच्या पुढे सुमारे ३५ सेंटीमीटरवर २.२ लागतं. उजवीकडे पापुद्रे काढल्यावर १.७ ते १.९. क्रॉसमेंबरचा खालचा भाग मोजण्यासारखाच नाही. कर्णांत दोन मिमीचा फरक. नंबर पुढे आहे, शाबूत. मग उजवीकडे पण कापू का?

वेल्डर_मंग्या

डावीकडे ४० सेंटीमीटर कापा, २.५ मिमीचा पत्रा, नवा हँगर. क्रॉसमेंबर पूर्ण नवा, त्याच मापाचा. तो डावी रेल पक्की झाल्यावर काढा, दोन्ही एकदम काढलं तर मागची टोकं मोकळी सुटतात.

उजवीकडे १.७ म्हणजे पाव भाग गेला, अगदी काठावर. कापलं तरी चुकीचं नाही, पण दोन्ही रेल कापल्या की माप धरायला मूळची एकही बाजू राहत नाही.

ठोकपीट

उजवीकडे मी थांबलो असतो. पूर्ण साफ, इपॉक्सी, आतून वॅक्स आणि दर दसऱ्याला त्याच जागी गेज. १.७ च्या खाली गेलं की कापा. हँगरच्या खालच्या पट्टीवर मात्र अजून पाच-सहा रीडिंग घ्या, १.७ हे कुठलं आहे ते बघा. खालच्या पट्टीचं असेल तर माझं मत बदलेल.

जांभाचिरा

१.७ बाहेरच्या भिंतीचं आहे. खालची पट्टी १.९. म्हणजे उजवी ठेवतो. ब्रेकची मागची नळी काढताना तुटली, तिच्याजागी तांब्याची चालेल?

फोर_बाय_फोर_कुडाळ

साधं तांबं नको, हादऱ्याने कडक होऊन तडकतं. कंपनीची स्टीलची किंवा तांबं-निकेलची घ्या, दोन्ही टोकांना दुहेरी फ्लेअर (नळीचं तोंड दुमडून पसरवलेलं), दर वीतभरावर क्लिप. आणि सगळं बसवून झाल्यावर शॅकलचे नट गाडी चाकांवर उभी असताना आवळा, जॅकवर लोंबकळत असताना नाही. लोंबकळत आवळले तर रबरी बुश कायम पिळलेली राहते आणि पहिल्याच पावसाळ्यात फाटते.